कंपनी, बंगळूर आणि अव्वा

या आठवड्यात भाजीच्या गाडीवर हुरडा आला. सोललेला, निवडलेला, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेला. पिशवीवर हिरव्या शेताचं चित्र आणि खाली 'फ्रीजमध्ये ठेवा' अशी सूचना. मी एक पिशवी घेतली, हुरडा तव्यावर परतला, वर मीठ भुरभुरलं आणि दुपारी एकटीनंच खाल्ला. चव बरी होती. धुराचा वास नव्हता, आणि तो गॅसवर येणार तरी कुठून?

हात धुते न धुते तोच इराचा फोन आला. तिला एका फार मोठ्या कंपनीनं बोलावलंय, कॉम्प्युटरच्याच. "आजी, जाऊ का गं? तू केलीयेस ना तसल्या कंपनीत नोकरी. मला फायदे आणि तोटे सांग. सरळ सांग हं, गोष्ट नको." मागून नील ओरडला, "ती गोष्टच सांगणार, बघ तू!"

नील, तू जिंकलास. इरा, फायदे-तोटे मी फोनवर सांगायला घेतले, पण तिकडे परदेशात तुमची रात्र झाली होती आणि तुला जांभया येत होत्या. म्हणून लिहिते. एकात एक गुंतलेल्या गोष्टी मला तोंडी नीट सांगता येत नाहीत. कागदावर जरा शिस्त लागते.

सोलापुरात जानेवारी म्हणजे गावात गड्डा आणि रानात हुरडा. गड्डा ही सिद्धेश्वराची जत्रा. तिचे पाळणे तुम्ही लहानपणी एकदा पाहिलेत. नील वरून उतरताना रडला होता. हुरडा मात्र तुमच्या वाट्याला कधी धड आला नाही, कारण एरवी तुमच्या सुट्ट्या उन्हाळ्यात. ज्वारीचं कणीस दुधातून बाहेर पडलेलं असतं आणि अजून टणक झालेलं नसतं, तेवढे मोजकेच दिवस हुरड्याचे. मग जमिनीत खड्डा करून शेणकुटांचा विस्तव करायचा, त्याला आगटी म्हणतात. तिच्यात कणसं भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. हवा कोरडी, ओठ फुटलेले, सकाळी अंगावर शाल आणि दुपारी डोक्यावर पदर. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांतला एक जानेवारी मला असाच आठवतो. डोक्यात मात्र दुसरंच काही चाललेलं होतं.

त्या वेळी मी एका परदेशी कंपनीत काम करत होते. ती हिशोबाची मोठी यंत्रं बनवायची आणि भाड्यानं द्यायची. कारभार मुंबईच्या हेड ऑफिसातून चाले, आणि मुंबईचा कारभार समुद्रापलीकडून. सोलापुरात स्टेशनरोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कंपनीचं छोटं केंद्र होतं. गावातल्या कापडगिरण्या आणि आसपासचे साखर कारखाने आपल्या कामगारांच्या हजेऱ्या आमच्याकडे पाठवायचे. जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून ती माहिती यंत्राला घालायची आणि यंत्र पगार काढून द्यायचं. भोकं कुठे पाडायची हे पद्मा आणि तिच्या जोडीच्या मुली बघत. यंत्रानं काय करायचं हे लिहिणं माझं काम. मी गणितात बी.एस्सी. झालेली, वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून अर्ज केलेला. कंपनीनं मुंबईला नेऊन शिकवलं आणि परत सोलापुरात आणून बसवलं.

आता पहिला फायदा. त्याआधी मी एका शाळेत मुलाखतीला गेले होते. तिथे मला विचारलं होतं, तुमचे सासरे काय करतात, घरी कन्नड बोलता का मराठी, पाळणा कधी हलवणार. कंपनीच्या मुलाखतीत एका माणसानं एक कोडं घातलं. मी ते सोडवलं. त्यानं दुसरं घातलं. ते मला सुटलं नाही, तर तो म्हणाला, "जिथपर्यंत पोचलात तिथपर्यंत बरोबर आहे." एवढीच मुलाखत. मी कुणाची सून आहे हे त्यांना नेमणूक झाल्यावर कळलं, आणि तेही मीच सांगितलं म्हणून.

पगाराची बेरीज चुकली तर आमच्याकडे पहिला प्रश्न "का चुकली?" असा असे, "कुणी चुकवली?" हा नसे. हा फायदा त्या वेळी मला फार मोठा वाटला नाही. पुढे इतर ठिकाणी कामं केल्यावर वाटला.

आणि यंत्राच्या खोलीतला एसी! सोलापूरच्या मे महिन्यात अख्ख्या स्टेशनरोडवर तेवढी एकच थंड खोली. यंत्राला उकडू नये म्हणून ती सोय. माणसांना आपोआप मिळत होती. पद्मा विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, जिभेला धार असलेली बाई. ती भर उन्हाळ्यात नवऱ्याचा स्वेटर घालून बसायची. "मॅडम, बाहेर अंडं फुटतंय आणि हितं माझे दात वाजतायत. घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, कामाला जातीस का महाबळेश्वरला?"

तोटेही तिथेच, त्याच खोलीत होते. कंपनीकडून परिपत्रकं येत. सगळ्या देशांतल्या सगळ्या केंद्रांना एकच मजकूर. एकदा ऐन एप्रिलमध्ये एक आलं: बर्फात गाडी चालवताना कर्मचाऱ्यांनी घ्यायची काळजी. पद्मानं ते दारामागे टाचणीनं लावलं आणि जाहीर केलं, "उद्यापासून सायकलच्या चाकाला साखळी बांधून येनार मी." आम्ही हसलो. पण मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की जो माणूस आपल्यासाठी नियम लिहितो त्याला आपण राहतो ते गाव दिसत नाही.

त्या जानेवारीत ते अगदी उघड झालं. आमच्या केंद्राला नवं, मोठं यंत्र मिळणार असं हेड ऑफिसनं कळवलं. ट्रक कुठल्या दिवशी येणार, मुंबईहून मेननसाहेब कुठल्या गाडीनं येणार, यंत्र किती वाजता वर चढवायचं, सगळं आखलेलं. पद्मानं तारीख वाचली आणि डोळे मोठे केले. त्या दिवशी गड्ड्यातलं सिद्धेश्वराचं लग्न आणि नंदीध्वजांची मिरवणूक होती.

आमचे केंद्रप्रमुख कुलकर्णीसाहेब. सरळ माणूस, पण हेड ऑफिसचं पाकीट दोन्ही हातांनी उघडणारा. मी त्यांना म्हटलं, "साहेब, त्या दिवशी रस्ते बंद असतात. हमाल मिळायचे नाहीत. मुंबईला कळवू या का?"

"हेड ऑफिसनं दिलेली तारीख आहे, बाई. विचार करूनच दिली असणार."

"त्यांना नंदीध्वज काय माहीत?" पद्मा म्हणाली.

"कॅलेंडरवर सुट्टी नाही त्या दिवशी," कुलकर्णीसाहेब म्हणाले, आणि मुंबईच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. ते स्वतः सोलापुरात जन्मले होते. दर वर्षी त्या दिवशी तेही रस्त्याच्या कडेला उभे राहून अक्षता टाकायचे. तरीही त्यांनी कळवलं नाही. मोठ्या कंपनीत असं होतं, इरा. खाली असलेल्याला जे ठाऊक असतं ते वर सांगायला तो कचरतो, आणि वरच्याला आपल्याला सगळं कळलंय असं वाटत राहतं.

व्हायचं तेच झालं. मेननसाहेब सकाळच्या गाडीनं उतरले. यंत्राचा ट्रक गावात शिरला आणि मिरवणुकीत अडकला. पुढे पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं, कमरेला बांधून तोललेले उंच काठ्यांचे नंदीध्वज, मागे अख्खं गाव, आणि मध्ये कंपनीचा ट्रक. ड्रायव्हर टपावर चढून दर्शन घेत होता. हमालांच्या मुकादमानं निरोप पाठवला होता, की देवाचं लग्न लागल्याशिवाय आज कोणी ओझं उचलणार नाही. मेननसाहेब केरळचे, उंच, टाय लावलेले, घामेजलेले. ते चौकात उभे राहून घड्याळाकडे बघत होते. कुणीतरी त्यांच्या हातात अक्षता दिल्या. त्यांनी त्या जरा वेळ मुठीत धरल्या आणि मग सगळ्यांबरोबर टाकल्या. नंतर कुलकर्णीसाहेबांना इंग्रजीत एवढंच म्हणाले, "तुम्ही मला एक तार करू शकला असता." कुलकर्णीसाहेबांचा चेहरा मला अजून दिसतो.

जत्रेमुळे दुसऱ्या दिवशीही काम होणार नव्हतं. तुमच्या आजोबांनी मेननसाहेबांना मंद्रूपला हुरड्याला बोलावलं. आजोबा हायस्कुलात रसायन शिकवायचे. आम्ही दक्षिण कसब्यात भाड्यानं राहत होतो. त्यांची आई, म्हणजे आमची अव्वा, मंद्रूपच्या रानात. विजापूर रस्त्यानं एस.टी.नं गेलो. तुमची आई उमा तेव्हा नुकती बोलायला लागली होती. ती वाटभर मेननसाहेबांच्या टायशी खेळत होती.

अव्वानं आगटी पेटवून ठेवली होती. घोंगडी अंथरली होती. पहिली वाफाळती मूठ तिनं साहेबांपुढे धरली, तर साहेब मागे सरकले. कंपनीचा नियम होता: हाताखालच्या माणसाच्या घरचा पाहुणचार अधिकाऱ्यानं घ्यायचा नाही, घेतलाच तर त्याचा खर्च चुकवून पावती घ्यायची. त्यांनी मला ते हळू आवाजात समजावलं. मी आजोबांना सांगितलं, आजोबांनी अव्वाला कन्नडमध्ये सांगितलं.

अव्वा मराठीतच कडाडली, म्हणजे सगळ्यांना कळावं. "पावती? हुरड्याची? आमच्या रानात कुनी खाल्लं म्हनून पावती फाडत न्हाईत, साहेब. खायाचं नसंल तर तसं सांगा. आगटी इझिवते."

मेननसाहेबांना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. त्यांनी कोट काढला, टाय खिशात घातला, बाह्या वर केल्या आणि आगटीजवळ बसून स्वतःच कणसं चोळायला लागले. मला म्हणाले, "त्यांना सांगा, मी काम करून खातोय. त्याला नियम आड येत नाही." त्यांचे तळहात लालबुंद झाले. अर्धे दाणे मातीत गेले. अव्वा आजोबांना म्हणाली, "मानूस बरा हाय रं. हात तेवढे कापसाचे." आणि मग तिनं त्यांच्या मुठीवर दही-चटणी वाढली.

तो नियम मला आजही चांगलाच वाटतो. त्याच्यामुळे आमच्याकडे कुणाला काही चारून काम करून घेता येत नसे. पण नियम करणाऱ्याला आगटीसमोर बसलेली बाई माहीत नव्हती.

परतायच्या आधी मेननसाहेब बांधावर माझ्याशी बोलले. सोलापूरचं केंद्र उन्हाळ्याआधी बंद होणार होतं. चार-पाच गावांची कामं बंगळूरच्या एका मोठ्या यंत्रावर जाणार होती. तिथे यंत्राचे कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायला माणसं हवी होती आणि त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

मी विचारलं, "मग काल ते नवं यंत्र कशाला आणलं?"

ते हसले. "यंत्र पाठवणारं खातं वेगळं आणि केंद्र बंद करणारं खातं वेगळं."

ते यंत्र खोक्यातून बाहेर निघालंच नाही. पुढचे दोन महिने आम्ही त्या खोक्यावर चहाचे कप ठेवले.

आता खरा प्रश्न. मला जायचं होतं. हे मी तुम्हाला सरळ सांगते, कारण त्या वेळी सरळ सांगायला मला धीर गोळा करावा लागला होता. जे काम मला येत होतं ते सोलापुरात दुसरीकडे कुठेही नव्हतं. केंद्र बंद झालं की मी पुन्हा त्या शाळेच्या मुलाखतीला जाऊन सासऱ्यांविषयी उत्तरं देणार होते. पण आजोबांची नोकरी कायम, ती सोडून ते येणार कसे? आणि उमा? बदली नवऱ्याची झाली तर बायको सामान बांधते. बायकोची झाली तर काय करायचं याची रीत आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हती.

गड्डा अजून चालू होता, म्हणून अव्वा आमच्याबरोबर गावात राहायला आली होती. रात्रीचं जेवण झाल्यावर आजोबांनी उमाची खेळण्यातली पाटी घेतली आणि मध्ये रेघ मारली. शिक्षकच ते. "एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे. बोल."

"काम आवडीचं आहे."

त्यांनी लिहिलं.

"तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही."

"हे कुठल्या बाजूला?"

"दोन्ही बाजूंना."

"कंपनी सगळं ठरवून देते. घर, डॉक्टर, प्रवास," मी पुढे म्हटलं.

"हे?"

"हेही दोन्हीकडे."

त्यांनी खडू खाली ठेवला. "असं असेल तर बेरीज व्हायची नाही. मूळ सांगतो. उमाला मी एकटा सांभाळू शकणार नाही. तू तिला नेलीस तर दिवसभर तिला बघणार कोण? कंपनी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मला जायचंच होतं.

अव्वा भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. म्हणाली, "मी जाते की तिच्यासंगं."

"अव्वा, बंगळूर ते. मंद्रूप नव्हे," आजोबा म्हणाले.

"ठावं हाय. कन्नड बोलत्यात तितं. तुझ्या ह्या शिकलेल्या बायकुला धड भाजी मागता याची न्हाई. इंग्रजीत मेथी घेनार व्हय?"

हे खरं होतं. माझ्या माहेरी मराठीच. सासरची कन्नड मला समजायची, तोंडातून निघायची नाही.

"आणि रान?"

"वाट्यानं लावू. रान काय रडतंय व्हय माझ्यावाचून?" ती सुपारी तोंडात टाकत म्हणाली. "आनि तू भाकरी थापायला शीक. लई झालं आयतं."

विषय तिथे संपला. मला इतका आनंद झाला, की अव्वाला मी पुढे काही विचारलंच नाही.

पद्मालाही बंगळूरला जागा देऊ केली होती. तिनं एका वाक्यात नाही म्हटलं. सासर मोठं, घरात माग, त्यावर सगळ्यांचं पोट. निरोपाच्या दिवशी ती स्वेटर घडी करत म्हणाली, "मॅडम, तुमचं डोकं बंगळूरला चाललं. माझी बोटं हितंच ऱ्हानार. पण बोटांना कोन विचारतंय?" कंपनीनं तिला तिचं देणं चोख दिलं, वर छापील प्रशस्तिपत्रक दिलं. त्यावर तिचं नाव बरोबर होतं आणि गावाचं चुकलं होतं.

बंगळूरची वर्षं मी भरभर सांगते. कंपनीनं आम्हाला मल्लेश्वरमच्या बाजूला दोन खोल्या पाहून दिल्या. अव्वाचं कन्नड ऐकून भाजीवाली पहिल्या दिवशी हसली, कारण आमच्याकडचं बोलणं तिकडच्यांना खडबडीत लागतं. अव्वानं तिला काय सुनावलं मला कळलं नाही, पण पुढे तीच भाजीवाली आमच्यासाठी कोवळी वांगी बाजूला ठेवायची. शेजारणींनी नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आणून दिले आणि सांगितलं, हे चावायचे नसतात, गिळायचे असतात. अव्वा दार लागल्यावर म्हणाली, "चावायचंच न्हाई तर दात कशाला दिलेत देवानं?" आजोबा दिवाळीला आणि मेमध्ये येत, तेव्हा मालदांडी ज्वारीचं पोतं आणत. स्वतः थापलेल्या भाकरीही आणत. पहिल्या वर्षी त्या अव्वानं गाईला घातल्या. दुसऱ्या वर्षी खाल्ल्या.

माझं काम वाढलं. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं एका खोलीत, आणि एखादं अवघड काम जमलं की तमिळ, पंजाबी, बंगाली सगळे मिळून टेबल बडवायचे. मेननसाहेब आता बंगळूरचे प्रमुख होते, आणि हाताखाली पुरुष देताना त्यांनी दोनदा विचार केला नाही. मला विषमज्वर झाला तेव्हा कंपनीचा डॉक्टर रोज घरी यायचा. हे सगळं फायद्यातच लिही, इरा.

पण मी लिहिलेला कागद मला घरी आणता येत नसे. तो कंपनीचा. महिनाअखेर आली की घर नावाची गोष्ट आहे हे विसरायचं. उमाच्या शाळेचा पहिला दिवस महिनाअखेरीला आला, तेव्हा तिला सोडायला अव्वा गेली. शाळेतल्या बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते थेट सप्टेंबरात, आणि विचारलं, "तुम्ही उमाच्या मावशी का?" मी ते घरी हसत सांगितलं. अव्वाही हसली.

मला नेहमी वाटायचं, की तिघींत बंगळूर सगळ्यात जास्त मानवलं ते अव्वाला. देवळातल्या बायका तिच्या ओळखीच्या. गल्लीत कुणाचं मूल आजारी पडलं की तिला बोलावणं. जानेवारीत ती फक्त एवढं विचारायची, "गड्डा झाला असंल न्हवं?" मी कॅलेंडर बघून हो म्हणायचे आणि कामाला निघायचे.

मग सरकारचं आणि परदेशी कंपन्यांचं बिनसलं. सरकार म्हणालं, इथल्या लोकांना भागीदार करून घ्या. आमच्या कंपनीला ते मान्य नव्हतं. कित्येक महिने कुजबुज चालली होती. एका दुपारी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं आणि मेननसाहेबांनी एक कागद वाचून दाखवला. कंपनी देश सोडून चालली होती. लोक नोकरी सोडतात हे मला माहीत होतं. कंपनीच आपल्याला सोडून, देशासकट सोडून जाईल, हे माझ्या कुठल्याच हिशोबात नव्हतं.

मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, आमचं काय चुकलं?"

"काहीच नाही," मेननसाहेब म्हणाले. "चुकलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं." आणि त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. उभं आयुष्य त्या कंपनीत घालवलेला तो माणूस, त्यालाही ते आमच्या फारसं आधी कळलं नव्हतं.

त्या दिवशी मी रागावले होते, घाबरले होते. पुढे सोलापुरात परतल्यावर एका साखर कारखान्याला यंत्र बसवायचं होतं आणि ते चालवायला जिल्ह्यात माणूस नव्हता, तेव्हा त्यांनी मला शोधत दक्षिण कसब्यात माणूस पाठवला. कंपनी कागद ठेवून घेऊ शकली, शिकलेलं नाही. त्या शिकण्यावर मी निवृत्तीपर्यंत काम केलं. म्हणून इरा, तू विचारतेस तर माझं उत्तर आहे: जा. चांगलं शीक. तिथली माणसं चांगली असतील, त्यांच्यावर जीव लाव. कंपनीला जीव लावू नकोस, तिला तो ठेवायला जागा नसते. आणि जाण्याआधी तुझ्याबरोबर कोणाकोणाला हलावं लागतंय ते बघ. मी ते कधी पाहिलं ते सांगते आणि थांबते.

कागद वाचला गेला त्याच दुपारी मी घरी लवकर आले. इतक्या लवकर मी कधी येत नसे. दारात ऊन होतं. अव्वा उंबऱ्यात बसून सुपात ज्वारी निवडत होती, उमा बाजूला खड्यांची रांग लावत होती. मला बघून अव्वानं सूप खाली ठेवलं. "काय गं सुशी? बरं न्हाई व्हय?"

मी चप्पल न काढताच सांगितलं, "अव्वा, कंपनी बंद झाली. सगळं बंद. आता इथे काही राहिलं नाही. सोलापूरला परत जावं लागणार."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की मी बोलायची थांबले. गालांवरच्या सुरकुत्या पसरल्या, डोळे मोठे झाले. इतक्या वर्षांत बंगळूरमध्ये मी तिला एकदाही तशी पाहिली नव्हती. क्षणभरच. मग तिला माझं तोंड दिसलं असावं. तिनं पदरानं आपलं तोंड पुसलं, जणू काही सांडलं होतं, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"लई वाईट झालं गं," ती खाली बघत म्हणाली. दाणे निवडणारी बोटं मात्र थांबली होती.

मग तिनं विचारलं, "गाडी कवाची हाय?"